पुरावा आणा, म्हणे!

मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा एक नकाशा आहे. २०१८ च्या डिसेंबरात पोर्ट ट्रस्टनं तो लोकांपुढे ठेवला, रीतसर हरकती-सूचना मागवल्या. वडाळ्यापासून कुलाब्याकडे सरकत जाणारी ९६६ हेक्टरची पट्टी. एकरात मोजली तर दोन हजार तीनशेच्या वर. त्यात बागा आहेत, फेरफटक्याचे रस्ते आहेत, जेट्ट्या आहेत, धंद्याच्या इमारती आहेत. रंगीबेरंगी आहे. लहान पोरानं खडूनं रंगवावा तसा. त्याआधी २०१४ साली केंद्राच्या जहाज खात्यानं राणी जाधव समिती नेमली होती, तिचा अहवालही ह्याच जमिनीबद्दल. समित्या होतात, खात्याचे मंत्री बदलतात, पोर्ट ट्रस्टचं नाव बदलून पोर्ट अथॉरिटी होतं. बदलत नाही ती एकच गोष्ट. त्या पट्टीवर आज जो माणूस झोपतो, जेवतो, हगतो, पोरं वाढवतो, त्याला नकाशावाल्यांनी ठेवलेलं नाव. अतिक्रमण.

माणूस नव्हे. अतिक्रमण. नपुंसकलिंगी.

मी ह्या पट्टीवर पोती उचलतो. ठेकेदाराकडे. दहावी पास आहे, कविता लिहितो, आणि ज्या झोपडीत झोपतो तिथं आम्ही आठ जण भाडं भरतो. गाव गडचिरोलीत, जंगलाच्या कडेला. तुम्ही म्हणाल, झाडीपट्टीतल्या माणसाला समुद्रकाठच्या घरांचं काय पडलंय? सांगतो. थोडा दम धरा. जंगल आणि बंदर ह्यांच्यामध्ये एक सरळ रस्ता आहे, आणि तो फक्त बल्लारशावरून सुटणाऱ्या गाडीचा नाही.

आधी ही जमीन कुठून आली ते बघा. देवानं दिलेली नाही. मोठा भाग भरावाचा आहे. खाजण होतं, चिखल होता, भरतीचं पाणी होतं. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट उभा राहिला, १८८० ला प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया, १९१४ ला अलेक्झांड्रा, ज्याला आज इंदिरा डॉक म्हणतात. टोपल्या कुणी वाहिल्या? राणीनं वाहिल्या नाहीत, राजपुत्रानं वाहिल्या नाहीत. कोकणातून, घाटावरून, दुष्काळातून आलेल्या माणसांनी वाहिल्या, आणि त्यांत गावकुसाबाहेरचे किती होते हे सांगायला मला कुठल्या पुस्तकाची गरज नाही. जिथं घाण, जिथं ओझं, तिथं आपण. बंदरांची नावं वाचा. कोळसा बंदर, लकडी बंदर, गवताचं हे बंदर, दारूखाना, कापसावरून कॉटन ग्रीन. नाही तर मग साहेबांची. रे रोड. मालाचं नाव आहे, मालकाचं नाव आहे. हमालाचं नाव एकाही बंदराला नाही. लकडी बंदर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं सागवान येतो. आलापल्लीचा सागवान जगात मोठा मानतात. २०२३ साली बल्लारशाच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी लाकूड गेलं तर मिरवणूक काढून, पूजा करून गेलं. आमच्याकडचं लाकूड असं वाजतगाजत जातं. माणूस जनरल डब्यात संडासापाशी बसून जातो.

आता एक तारीख सांगतो. ती तुम्हाला पाठ आहे, पण दुसऱ्या कारणानं. १४ एप्रिल.

१९४४ साली १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापूस आणि दारूगोळा, दोन्ही एकत्र. वर सोन्याच्या विटाही. दुपारी आग दिसली, चारच्या सुमाराला जहाज फुटलं, थोड्या वेळानं पुन्हा फुटलं. आजूबाजूची जहाजं गेली, गोदामं गेली, मांडवी-मशीदकडच्या वस्त्या पेटल्या. आग विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे जवान मेले. त्यांच्या आठवणीत देशभर आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. पाळायलाच पाहिजे. ते शूर होते. पण मेले किती, हे विचारा. कुणी आठशे सांगतं, कुणी तेराशे. मधले पाचशे कोण, दोस्तहो? पाचशे माणसं म्हणजे काय हिशेबातली खोट आहे, की गोणीतून सांडलेली तूर आहे? फायर ब्रिगेडचा जवान हजेरीपटावर होता म्हणून मोजला गेला. सोन्याच्या विटांवर नंबर होते म्हणून त्या शोधल्या, गाळ उपसून उपसून शोधल्या, पुढं कितीतरी वर्षांनीसुद्धा डॉकच्या गाळातून वीट निघाली तर सरकारजमा झाली. आणि रोजंदारीवर आलेला, मुकादमानं नाक्यावरून उचललेला, त्या दिवशी पहिल्यांदाच जहाजावर चढलेला हमाल? तो कुठल्या वहीत होता?

तो वहीत नव्हता. म्हणून तो मेलासुद्धा नाही. असं हे गणित आहे, आणि २०१८ चा नकाशा त्याच गणितानं काढलाय. ज्याचं नाव वहीत नाही तो मरत नाही, राहत नाही, उठवला तरी उठवला जात नाही. जमीन ‘मोकळी’ होते फक्त.

आता कायदा बघा. कायदा बघताना हसू येतं. राज्याची झोपडपट्टी योजना आहे. १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी असेल तर फुकट घर, त्यानंतर २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. ही तारीख आधी १९७६ च्या गणतीची होती, मग १९८० झाली, १९८५ झाली, १९९५ झाली. निवडणूक आली की तारीख पुढं सरकते. बरं, सरकली. पण बंदराची जमीन केंद्राची. केंद्राच्या जमिनीवर राज्याची योजना केंद्रानं हो म्हटल्याशिवाय लागू होत नाही. म्हणजे रेल्वे रुळाच्या अलीकडं झोपडी असेल तर तू पात्र-अपात्राच्या रांगेत तरी उभा. पलीकडं असेल तर रांगच नाही. तुझ्यावर लागू होतो तो १९७१ चा कायदा, सार्वजनिक जागेतून बेकायदा माणसं हटवायचा. त्यात तुझा खटला चालवतो इस्टेट ऑफिसर. हा इस्टेट ऑफिसर कोण? ज्याची जमीन त्याचाच अधिकारी! पाटलाच्या वाड्यात पाटलाच्या विरुद्धची फिर्याद, पाटलाचाच कारभारी न्यायाधीश. गाव सोडून आलो, गावकी सुटली नाही.

आणि त्याच पट्टीवर भल्या भल्या कंपन्यांची गोदामं आहेत. कितीकांचे जुने पट्टे संपून गेले. संपले म्हणून त्यांना कुणी रात्री तीन वाजता पोलीस घेऊन उठवलं नाही. त्यांच्याशी वाटाघाटी झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, भाडं किती योग्य आणि किती अयोग्य ह्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत मोठमोठे वकील भांडले, २००४ साली निकाल झाला. कागद संपलेला श्रीमंत ‘भाडेकरू’, कागद नसलेला गरीब ‘अतिक्रमण’. दोघेही बिनकागदाचे. एकाला चहा, एकाला काठी.

कागद असला की काय होतं तेही सांगतो. खोटं बोलणार नाही. वरळीच्या बीडीडी चाळी तुम्हाला मी सांगाव्यात असं नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या. १९७४ च्या जानेवारीत तिथं काय झालं, १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव कसे मारले गेले, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं हे मासिक खाली ठेवावं आणि आधी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारून यावं. त्याच वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मिळाल्या ते चांगलं झालं. तोंड वाकडं करणारा मी नाही. माझ्या माणसाच्या पोराला स्वतंत्र खोलीत अभ्यास करायला मिळाला तर मला आनंदच आहे. पण का मिळाल्या? त्यांच्याकडं खोली नंबर होता, भाडेपावती होती, शंभर वर्षांची वही होती. आणि शिवडीच्या बारा बीडीडी चाळी? तीच बांधणी, तीच खोली, तीच पावती, तीच माणसं. त्यांना मूळ योजनेतून बाजूला ठेवलं, कारण खालची जमीन पोर्ट ट्रस्टची. भिंत राज्याची आणि जमीन केंद्राची, मध्ये माणूस लोंबकळतो.

(आणि हो. २०२२ साली वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींना बाळासाहेब ठाकरे, शरद पवार आणि राजीव गांधी ह्यांची नावं द्यायचं सरकारनं जाहीर केलं. ह्या चाळींत कोण राहिलं, कोण लढलं, कुणाचं रक्त सांडलं, ह्याच्याशी त्या नावांचा काय संबंध ते मला कुणीतरी समजावून सांगा. मी मॅट्रिकच आहे, माझ्या डोक्यात शिरत नाही.)

आता जंगलात चला.

२००६ साली वनहक्काचा कायदा आला. चांगला कायदा. आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करायचा असं सरकारनं त्यात स्वतःच्या हातानं लिहिलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, अख्ख्या देशात नाव झालं. पण जंगलात आदिवासीच राहतात का? आपलेही लोक राहतात. पिढ्यान् पिढ्या. माडिया-गोंडांच्या गावाच्या कडेला, जमीनदारीच्या काळापासून कोतवाली करत, बांबू तोडत, तेंदूपत्ता गोळा करत, जंगलाच्या तुकड्यावर धान पिकवत. कायद्यानं आपल्याला नाव दिलं, ‘इतर पारंपरिक वननिवासी’. इतर! आणि अट घातली. १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, इथंच राहत होतो हे सिद्ध करा.

माझ्या बापानं दावा टाकला. तीन एकर. कचेरीतला बाबू त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी ‘तू’ म्हणाला. “पुरावा आण.”

बाप म्हणाला, “साहेब, मी इथंच पैदा झालो. माहा बाप इथंच मेला. त्याची माती दाखवतो, चाला.”

“माती नको. कागद आण. तीसचा.”

पंचाहत्तर वर्षं मागं मोजा. १९३०. त्या साली माझा पणजा शाळेच्या पायरीवर बसू शकत नव्हता. पाटलाच्या विहिरीवर त्याची सावली चालत नव्हती. त्या साली मार्चमध्ये बाबासाहेब नाशकात काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू करत होते, नुसतं आत जायला, आणि दार बंद होतं. तेव्हा माझ्या पणजाचं नाव कुणी सातबाऱ्यावर लिहून ठेवलं असेल? ज्यांनी आम्हाला पाटीला हात लावू दिला नाही, त्यांचेच वारस आज विचारतात, लिहिलेलं कुठाय? डोळे काढून घेतले आणि आता विचारतात, बघितलं का नाहीस?

बापाचा दावा नामंजूर झाला. असा एकटा बाप नाही. झाडीपट्टीत जाऊन गावागावात विचारा. आदिवासींचे दावेही फेकलेत, आपले जास्तच. (इथं एक खबरदारी. ह्या पंचाहत्तरच्या अटीवरून आदिवासी विरुद्ध दलित अशी कुस्ती लावायला गावोगावचे पुढारी टपलेलेच असतात. त्यांच्या अंगणात जाऊ नका. गोंडाला पंचाहत्तर वर्षं विचारत नाहीत हे बरोबरच आहे. आपल्याला विचारतात हे चूक आहे. एवढंच.)

पण दोस्तहो, ह्याच कायद्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी रात्रभर झोपलो नाही. २००८ च्या नियमांत लिहिलंय, दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली हकीकत लिहून घेतली तर तीही पुरावा आहे! म्हाताऱ्याचं तोंड हा पुरावा. विहीर, जुनं घर, मसणवटा, हेही पुरावे. आणि दावा पहिल्यांदा तपासणार कोण? ग्रामसभा. तहसीलदार नाही, फॉरेस्टवाला नाही. गाव. म्हणजे बाप जे म्हणत होता, “माती दाखवतो चाला”, ते कायद्यात होतं. कचेरीतल्या बाबूला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तो बापाला नाडत होता. पुढं २०१३ साली ओडिशातल्या नियमगिरीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डोंगर खोदायचा की नाही हे आधी ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभांना विचारलं. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. वेदान्त कंपनीला त्या डोंगरावरून मागं फिरावं लागलं.

ह्या देशात हे झालंय. लंडनमध्ये नाही, इथं. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या डोंगरिया कोंधांनी केलंय.

मग माझा प्रश्न आहे. जे जंगलात कायद्यानं चालतं ते बंदरात का चालत नाही? दारूखान्याच्या गल्लीत ऐंशी वर्षांची म्हातारी आहे, तिला कुठली झोपडी कुठल्या साली उभी राहिली हे पाठ आहे, कुणाचं बाळंतपण कुणाच्या पडवीत झालं ते पाठ आहे, कुठली आग कुठल्या साली लागली आणि त्यात कुणाची रेशनकार्डं जळाली ते पाठ आहे. तिचं तोंड पुरावा का नाही? पात्र कोण, अपात्र कोण, हे कन्सल्टंटनं टॅब हातात घेऊन आलेल्या पोरीपोरांनी का ठरवायचं, वस्तीनं भर सभेत का नाही? सरकार म्हणेल, लोक खोटं बोलतील. बोलतील काही. पण चार गल्ल्यांपुढं उभं राहून खोटं बोलणं हे एजंटाकडून खोटा कागद विकत घेण्यापेक्षा अवघड असतं. आज झोपडपट्टीत पुरावा पैशानं मिळतो, हे काय कुणाला नवीन आहे? कागदाची अट खोटेपणा थांबवत नाही. गरिबाला थांबवते.

आमचा झगडा बागेशी नाही. ‘मग काय ती पडकी गोदामं तशीच ठेवायची? मुंबईला मोकळी हवा नको?’ असं विचारणारे शहाणे आहेत, आपल्यातही आहेत, इंग्रजी बोलणारे. हवा पाहिजे ना. आम्हालाही पाहिजे. दारूखान्यात जहाजं तोडतात तिथं उभं राहून बघा, कुणाला हवा जास्त पाहिजे ते कळेल. पण बाग आमच्या छातीवर लावायची आणि आम्ही बागेच्या कंपाउंडबाहेर चणे विकायचे, ह्याला विकास म्हणत असाल तर तुमचा विकास तुम्हाला लखलाभ. शिवडीतून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू निघतो. २०२४ च्या जानेवारीत उघडला. शिवडीतल्या माणसाची सायकल, स्कूटर, रिक्षा त्यावर चढू देत नाहीत. त्याच्या डोक्यावरून पूल जातो, त्याला सावली मिळते. २०२५ च्या सप्टेंबरात क्रूझ टर्मिनलचं उद्‌घाटन झालं. बंदरात जहाजं येतच राहणार. पोतं गेलं, पर्यटक आला. त्याची बॅग उचलायलाही आम्हीच लागणार, पण रात्री झोपायला आम्ही कुठं जायचं?

कुठं, ते विचारायला नको. माहीत आहे. माहुल. ह्याच किनाऱ्यावर, थोडं वर. रिफायनऱ्यांच्या शेजारी. तानसा पाइपलाइनच्या कडेच्या झोपड्या तोडून हजारो माणसं तिथं नेऊन कोंबली. हवेत विष असल्याचं हरित लवादानं २०१५ सालीच म्हटलं होतं. तरी नेली. लोक आजारी पडले, मेले, रस्त्यावर बसले, मग २०१९ साली हायकोर्ट म्हणालं की तिथं कुणाला जबरदस्तीनं ठेवू नका, दुसरी जागा द्या नाहीतर महिन्याला पंधरा हजार भाडं द्या. किंवा धारावी बघा. तिथं २००० च्या आधीच्यांना धारावीत घर, बाकीचे बाहेर. आणि बाहेर म्हणजे काय, तर मिठागरं आणि देवनारच्या कचऱ्याची जमीन. अहमदाबादला साबरमतीचा काठ असाच सजवला, हजारो कुटुंबं उचलली, काहींना पिराणाच्या कचऱ्याच्या डोंगराजवळ टाकलं. प्रत्येक शहरात सुंदर पाण्याच्या काठावरून उचललेला माणूस कचऱ्यापाशीच कसा पोचतो? हा काय योगायोग आहे? ह्या देशात माणसाला कचऱ्यापाशी नेऊन ठेवायची पद्धत फार जुनी आहे, फक्त पूर्वी तिला वास्तुविशारद लागत नव्हते.

आणि खाडीच्या पलीकडं बघा, डॉकवाल्यांनी तर नक्कीच बघा. न्हावा शेव्याचं बंदर १९८९ ला सुरू झालं. कंटेनर तिकडं गेले आणि आमच्या डॉकवरची टोळी-टोळी कामं बसली. १९४८ च्या कायद्यानं मिळवलेलं डॉक लेबर बोर्ड १९९४ ला पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं, आता ठेकेदार आहे आणि मी आहे. पण त्या बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली २५६ कुटुंबं ऐंशीच्या दशकात उचलून उरणजवळ संक्रमण शिबिरात ठेवली. तात्पुरती. घरांना वाळवी लागली. तात्पुरत्यात मुलं जन्मली, त्यांची लग्नं झाली, त्यांना मुलं झाली. ‘तात्पुरतं’ हा शब्द सरकारच्या तोंडून आला की आपल्या नातवाचं वय मोजायला घ्यावं.

परदेशाचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्याकडं खरं वाटत नाही, म्हणून घ्या. लंडनच्या गोद्या बंद पडल्या, १९८१ साली सरकारनं एक महामंडळ काढून ती जमीन त्याच्या हातात दिली. काचेचे मनोरे उभे राहिले. गोदी कामगारांनी आणि रहिवाशांनी १९८३ साली रॉयल डॉक्ससाठी स्वतःचा आराखडा तयार केला होता. घरं, कामं, पाळणाघरं. सरकारनं तिथं विमानतळ केला, १९८७ ला. ते हरले. पण त्यांनी आराखडा लिहिला होता. आज चाळीस वर्षांनी माझ्यासारखा मॅट्रिक हमाल त्यांचं नाव घेतो, ते नुसते रडले असते तर घेतलं नसतं.

माझ्या चंद्रपुरात काय आहे? तिथं इरई आहे, झरपट आहे. गोंडराजाच्या परकोटाच्या बाहेर, पठाणपुरा गेटाकडं, रहमतनगराकडं, नदीच्या अंगाला गरीब राहतात. कोळसा खाणींनी मातीचे ढिगारे नदीच्या कडेला रचले, पात्र आवळत गेलं. २००६ ला पाणी शिरलं, २०२२ ला शिरलं. दरवेळी लोक शाळेत जाऊन झोपतात आणि चिखल काढायला परत येतात. तेव्हा त्यांना कुणी ‘नदीकाठचे रहिवासी’ म्हणत नाही, ‘पूररेषेतले’ म्हणतात. उद्या ह्याच काठावर दगडी कठडा आणि दिवे लागले की बघा, तीच जागा ‘रिव्हर व्ह्यू’ होईल. पाणी घरात शिरतं तोवर ती जागा आपली. पाणी खिडकीतून दिसायला लागलं की त्यांची.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. चंद्रपूरला बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली त्या मैदानावर माझा आजा उभा होता. परत आला तेव्हा त्यानं देव पाण्यात सोडले आणि जमीन मागायला सुरुवात केली. दोन्ही एकाच आठवड्यात. आमच्या आजच्या पुढाऱ्यांना पहिली गोष्ट आठवते, दुसरी आठवत नाही. त्यांना पुतळा पाहिजे, कमान पाहिजे, चौकाला नाव पाहिजे. बिल्डर देतोय! बिल्डरला काय जातं? साडेतीनशे फुटांच्या खुराड्याच्या खाली त्यानं बुद्धविहाराला दोन गाळे दिले की आमचा नगरसेवक हार घेऊन हजर. अरे, जमिनीचं विचार. पट्टा कुणाच्या नावावर? देखभालीचा खर्च कोण देणार? तेविसाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर पोतं उचलून गुडघे गेलेला माणूस चढणार कसा? हे विचारलं की म्हणतात, पोरा, तू फार तापट आहेस.

तापट आहे. असू दे.

तर आता काम. पोर्टवाले मोजणी करायला येतील तेव्हा येतील. त्याच्या आधी आपण मोजायचं. ज्याला लिहिता येतं त्यानं एक शंभर पानी वही घ्यायची. मोबाईलमध्ये नको, वहीत. एक वही, एक गल्ली. घरातला सगळ्यात म्हातारा माणूस पहिला. तो किंवा ती कधी आली, कुठून आली, कुठल्या बंदरात काय उचललं, शेजारी कोण होतं, जुनं झाड, नळ, विहीर, दर्गा, विहार कुठं होतं. तो बोलेल तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही. खाली दोन शेजाऱ्यांची सही किंवा अंगठा. घर बाईच्या नावावर लिहायचं, कारण नवरा बदलतो, मरतो, पळतो, बाई तिथंच असते. आणि भाडोत्री सोडायचे नाहीत. पोटमाळ्यावर आठ-आठ झोपणारे बिहारचे, बंगालचे, आंध्रचे, आमच्या झाडीपट्टीचे, सगळे लिहायचे. त्यांच्याकडं करार नसतो, पावती नसते, झोपडीमालकच त्यांचं नाव दडवतो. आपला माणूस म्हणून तुम्ही झोपडीमालकाची बाजू घेऊ नका. जात एक असली तरी भाडं तो रोख घेतो.

वही भरली की तिच्या तीन प्रती. एक वस्तीत, एक वकिलाकडं, एक गावी कुणाच्या तरी ट्रंकेत. आग लागते हे आपल्याला माहीत आहे.

लकडी बंदरच्या माझ्या गल्लीची वही मी सुरू केली आहे. एकोणीस घरं झाली. चौदाव्या घरातली आजी स्फोटाच्या वेळी सहा वर्षांची होती. तिचा बाप त्या दुपारी कामाला गेला होता. तिनं मला त्याचं नाव सांगितलं, ते मी लिहून घेतलं.